डबल मार्कर ‘१:१४०’ आला: एनआयपीटी, अम्निओ की काहीच नको?

वाचकाचं पत्र: माझं वय ३२. दुसऱ्यांदा दिवस गेलेत. पहिल्या वेळी आठव्या आठवड्यात गर्भपात झाला होता. गेल्या आठवड्यात एनटी सोनोग्राफी झाली. बाळाची लांबी (सीआरएल) ६२ मिमी, म्हणजे १२ आठवडे ४ दिवस, एनटी (मानेमागच्या पाण्याच्या थराची जाडी) १.९ मिमी, नाकाचं हाड दिसलं. त्याच दिवशी डबल मार्करचं, म्हणजे डाउनची शक्यता काढणाऱ्या तपासणीचं, रक्त दिलं. रिपोर्टवर ‘हाय रिस्क, डाउन सिंड्रोम १:१४०’ असं आलंय. वारेतून रक्तात येणारी दोन द्रव्यं: पॅप-ए ०.३८ एमओएम, फ्री बीटा एचसीजी २.१ एमओएम. गर्भाचं वय मात्र पाळीवरून १३ आठवडे १ दिवस लिहिलंय. डॉक्टरांनी अम्निओ (पोटातून सुईनं गर्भजल काढून तपासणं) सुचवली. पुण्याची नणंद म्हणते, आधी एनआयपीटी (आईच्या रक्तातून गुणसूत्रांची चाचणी) कर. सासूबाई म्हणतात, पोटात सुई घालायची नाही, देवावर सोड. ‘हे’ म्हणतात, जे असेल ते एकदाचं कळू दे. मला रात्र रात्र झोप नाही. बाळाला खरंच डाउन आहे का? सुईमुळे बाळ गेलं तर? आणि उशीर झाला तर कायदा काय म्हणतो? — एक वाचक, कराड

ताई,

आधी पहिल्या प्रश्नाचं उत्तर. या रिपोर्टवरून तुमच्या बाळाला डाउन सिंड्रोम (२१ नंबरचं गुणसूत्र एक जास्त असणं) आहे, असं कुणालाही म्हणता येणार नाही. १:१४० चा अर्थ असा: अगदी तुमच्यासारखाच रिपोर्ट आलेल्या १४० जणी एका हॉलमध्ये बसवल्या, तर त्यातल्या एकीच्या बाळाला डाउन असेल आणि १३९ जणींच्या बाळांना नसेल. टक्केवारीत ०.७. तरी ‘हाय रिस्क’चा शिक्का का? कारण बऱ्याच लॅब १:२५० ही रेघ धरतात आणि त्याच्या अलीकडे जे येईल त्यावर शिक्का मारतात. ‘पुढच्या तपासणीचा विचार करा’ एवढंच त्या शिक्क्याचं म्हणणं.

पण रिपोर्ट कपाटात टाकून विसरून जावं असाही तो नाही. ३२ व्या वर्षी केवळ वयामुळे असणारी शक्यता सहाशे-सातशेंत एक असते. तुमच्या रक्तातल्या दोन आकड्यांनी ती चार-पाच पटींनी वर नेली आहे. म्हणून हा आकडा मनावर घ्यायचा. फक्त घेण्याआधी तो बरोबर आहे का, हे तपासायचं, कारण तुमच्या पत्रात आम्हाला एक गोष्ट खटकली.

सोनोग्राफीनुसार रक्त दिलं त्या दिवशी गर्भ १२ आठवडे ४ दिवसांचा होता. लॅबनं मात्र पाळीच्या तारखेवरून १३ आठवडे १ दिवस धरलाय. फरक चार दिवसांचा. इथं चार दिवस किरकोळ नाहीत. या काळात पॅप-ए झपाट्यानं वाढत असतं आणि फ्री बीटा एचसीजी कमी होत असतं. एमओएम म्हणजे त्या दिवसाच्या गर्भवतींच्या मधल्या आकड्याच्या तुमचा आकडा किती पट आहे, ते. गर्भ चार दिवस मोठा धरला की मशीन पॅप-ए जास्त असायला हवं असं समजतं, मग तुमचं कमी दिसतं. बीटा एचसीजी कमी असायला हवं असं समजतं, मग तुमचं जास्त दिसतं. आणि पॅप-ए कमी, बीटा एचसीजी जास्त हाच तर डाउनचा ठरलेला साचा आहे. म्हणजे नुसत्या तारखेच्या चुकीनं निरोगी गर्भाचा रिपोर्टही त्या साच्यात बसू शकतो. पाळी पक्की लक्षात असली तरी बीज उशिरा सुटू शकतं. म्हणून या टेस्टसाठी पाळीची तारीख धरायचीच नाही, सीआरएल धरायची.

तेव्हा उद्या सकाळी लॅबला फोन करा आणि सांगा, “सोनोग्राफीची तारीख आणि सीआरएल ६२ मिमी धरून रिस्क पुन्हा काढून द्या.” नवीन रक्त लागत नाही. यंत्रानं मोजलेले मूळ आकडे त्यांच्याकडे असतात, फक्त हिशेब पुन्हा करायचा असतो. सोनोग्राफीचा रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. त्याच फोनवर बाकीचीही माहिती पडताळून घ्या: जन्मतारीख, रक्त दिलं त्या दिवशीचं वजन, गर्भ एकच होता का जुळ्यांपैकी एक विरून गेला, दिवस नैसर्गिक राहिले की आयव्हीएफनं, मधुमेह आहे का. वजनाची चूक फार होते. फॉर्म भरणारा “किती वजन?” विचारतो, आपण लग्नातलं सांगतो. खरं वजन ७० असताना ५५ लिहिलं, तर पॅप-ए उगाच कमी दिसतं, कारण वजनदार शरीरात ते पातळ होतं आणि मशीनला त्याची दुरुस्ती करायची संधीच मिळत नाही.

आणखी एक बघा. अशा रिपोर्टवर डाउनपुढे बहुधा तीन आकडे असतात: वयाची रिस्क, नुसत्या रक्ताची रिस्क आणि एनटी धरून काढलेली एकत्रित रिस्क. आपल्या उपयोगाची तिसरी. एनटी न धरता नुसत्या रक्तावर काढलेला आकडा बराच कमजोर असतो. तुमचा १:१४० यांपैकी कुठला, हे लॅबला विचारा. १.९ मिमी हा एनटी या लांबीच्या गर्भासाठी चांगला आहे आणि तो हिशेबात यायलाच हवा.

दुरुस्तीनंतर आकडा १:४०० झाला, तर तुम्ही मधल्या पट्ट्यात याल. तिथं एनआयपीटी करणं हा मनाच्या समाधानाचा प्रश्न असेल, घाईचा नाही. १:१४० च राहिला किंवा आणखी जवळ आला, तर पुढचं सगळं तुमच्यासाठीच लिहितो आहोत.

एक करू नका: दुसऱ्या लॅबमध्ये डबल मार्कर पुन्हा करून चांगला आकडा मिळतोय का बघणं. आणि चार आठवडे थांबून ‘क्वाड्रुपल (रक्ताचीच पुढच्या महिन्यांतली चाळणी) करून बघू’ हेही नको. पहिल्या चाळणीपेक्षा ती चाळणी मोठ्या भोकांची आहे. तिच्यातून ‘लो रिस्क’ आला तरी पहिली शंका फिटत नाही, आणि मधला वेळ जातो तो वेगळाच.

नणंदेचा सल्ला: एनआयपीटी

तुमच्या दंडातून साधारण १० मिली रक्त घेतात. वारेच्या पेशी मरतात तेव्हा त्यांच्या डीएनएचे बारीक तुकडे आईच्या रक्तात येतात. ते मोजून २१, १८ आणि १३ नंबरच्या गुणसूत्रांचे तुकडे प्रमाणापेक्षा जास्त आहेत का, हे बघतात. दहाव्या आठवड्यापासून होते, रिपोर्ट सात ते दहा दिवसांत. बाळाला काही धोका नाही. डाउनची शंभरातली ९९ बाळं ती पकडते आणि निरोगी बाळांपैकी हजारात एखाद्यालाच चुकीनं पॉझिटिव्ह म्हणते.

हे आकडे ऐकून बऱ्याच जणी समजतात की एनआयपीटी म्हणजे पक्कं निदान. तसं नाही. तुमच्या १:१४० वर हिशेब मांडून बघा. अशा १४,००० जणी घ्या. त्यांपैकी १०० बाळांना डाउन असेल. टेस्ट ९९ पकडेल. उरलेल्या १३,९०० निरोगी बाळांपैकी चौदाएक जणांना ती चुकून पॉझिटिव्ह म्हणेल. म्हणजे ११३ पॉझिटिव्हपैकी ९९ खरे आणि १४ खोटे, दर आठांमागे एक खोटा. खोटा का येतो? डीएनए बाळाचा नसतो, वारेचा असतो. कधी कधी जादा गुणसूत्र वारेतच असतं, बाळात नसतं. विरून गेलेल्या जुळ्या गर्भाचा अंश असतो, तर कधी आईच्याच गुणसूत्रांमध्ये काही असतं. म्हणून एनआयपीटी पॉझिटिव्ह आली की अम्निओशिवाय गर्भपाताचा निर्णय घेऊ नये. या एका मुद्द्यावर आम्ही अजिबात मागे हटणार नाही.

उलट निगेटिव्ह आली तर तुमची १:१४० ची शक्यता तेरा-चौदा हजारांत एक एवढी खाली येते. बहुतेक जोडप्यांना एवढं पुरतं.

कधी कधी रिपोर्टच येत नाही. ‘फीटल फ्रॅक्शन कमी’ असं लिहून येतं. आईच्या रक्तात वारेचा डीएनए साधारण ४ टक्क्यांच्या खाली असला की यंत्राला नीट मोजता येत नाही. आईचं वजन जास्त असेल किंवा आठवडे कमी असतील तर हे जास्त होतं, पण १८ किंवा १३ नंबरचा दोष असलेल्या गर्भांतही होतं. तेव्हा फेल रिपोर्टला ‘काही नाही’ समजू नका. तुमच्या बाबतीत फेल आलीच, तर दुसरं रक्त देऊन पुन्हा दहा दिवस थांबण्यापेक्षा सरळ अम्निओकडे जा.

खर्च लॅबप्रमाणे साधारण दहा ते पंचवीस हजार. ‘मायक्रोडिलीशन’सह (गुणसूत्राचा बारीक तुकडा गळाल्यानं होणारे आजार) मोठं पॅकेज घ्या असा आग्रह होईल. घेऊ नका. ते आजार इतके दुर्मीळ आहेत की त्यातले बरेच पॉझिटिव्ह खोटे निघतात, आणि एक भीती घालवायला गेलेल्या तुम्ही चार नव्या भीत्या घेऊन परत याल.

डॉक्टरांचा सल्ला: अम्निओ

निदान करायचं तर बाळाच्या पेशी हव्यात. त्या गर्भजलात असतात. वारेचा तुकडा घेण्याची (सीव्हीएस) तपासणी ११ ते १३ आठवडे ६ दिवसांत करतात. तुमचे आज १३ आठवडे ४ दिवस झालेत, त्यामुळे ती जवळजवळ हातातून गेली आहे आणि तिच्यासाठी धावपळ करण्याचं कारणही नाही.

अम्निओ १५ आठवडे पूर्ण झाल्यावरच, शक्यतो १६ ते १८ मध्ये. त्याआधी कुणी ‘आत्ताच करून टाकू’ म्हणालं तर ऐकू नका. १५ आठवड्यांच्या आत केलेल्या अम्निओत गर्भपाताचं आणि बाळाचे पाऊल आत वळलेलं असण्याचं प्रमाण जास्त आढळलंय. गर्भाचं आवरण तोवर गर्भाशयाला नीट चिकटलेलंही नसतं, सुईसमोर ते तंबूसारखं ताणलं जातं आणि पाणी येत नाही.

प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो, म्हणजे सुईची भीती आहे त्या मापाची राहील. आधी सोनोग्राफी करून बाळ, वार आणि पाण्याचा मोकळा कप्पा बघतात. पोट बीटाडीननं पुसतात. सुई लांब पण बारीक असते, २० ते २२ गेजची. रक्त काढायच्या सुईच्या जाडीचीच. भूल बहुधा लागत नाही. सुई सबंध वेळ पडद्यावर दिसत असते, डॉक्टर तिचं टोक बाळापासून लांब ठेवतात. पहिलं एक-दोन मिली पाणी वेगळं काढतात, कारण त्यात तुमच्या कातडीच्या किंवा रक्ताच्या पेशी आलेल्या असू शकतात. मग १५ ते २० मिली, फिकट पिवळसर पाणी. एकदा सुई आत गेली की मिनिटभराचं काम. पाळीसारखी कळ येते, दुखण्यापेक्षा दाब जास्त जाणवतो. नंतर बाळाचे ठोके तुम्हाला दाखवतात. काढलेलं पाणी बाळ दिवसाभरात भरून काढतं. अर्धा तास बसून घरी. दोन दिवस घागर उचलायची नाही, एसटीचा लांबचा प्रवास आणि संबंध टाळायचे. महिनाभर अंथरुणावर पडून राहण्याची गरज नाही. त्यानं धोका कमी होत नाही. योनीतून पाणी झिरपलं, रक्त गेलं, ताप आला किंवा कळा थांबेनात, तर त्याच दिवशी दवाखाना.

गर्भपाताचा धोका? जुन्या पुस्तकांत शंभरात एक लिहिलेलं असतं आणि अजून तेच सांगितलं जातं. आताच्या अभ्यासांत अनुभवी हातांनी, सोनोग्राफीखाली केलेल्या अम्निओमुळे होणारं जादा नुकसान हजारात एक ते पाच इतकं येतं. आठव्या आठवड्यात झालेल्या एका जुन्या गर्भपातामुळे अम्निओ टाळावी लागते, असं नाही. पण ‘अनुभवी हातांनी’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. जिथं जाल तिथं विचारा, “डॉक्टर, तुम्ही महिन्याला किती अम्निओ करता?” प्रश्न आगाऊपणाचा नाही, रोज करणाऱ्याला त्याचा राग येत नाही. कराडहून कोल्हापूर जवळ, पुणे लांब. पण फीटल मेडिसिनचे (गर्भातल्या बाळाचे तज्ज्ञ) डॉक्टर जिथं असतील तिथंच जा, लांब पडलं तरी.

तुमचा रक्तगट पत्रात नाही. निगेटिव्ह असेल आणि तुमच्या मिस्टरांचा पॉझिटिव्ह, तर सुईनंतर ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन घ्यायलाच हवं. हे राहून गेलं तर त्रास पुढच्या बाळापर्यंत पोहोचू शकतो. एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बीचे रिपोर्टही सोबत न्या.

पाणी कुठल्या तपासण्यांसाठी पाठवणार, हेही आधी विचारून ठेवा. क्यूएफ-पीसीआर किंवा फिश दोन-चार दिवसांत २१, १८, १३ चं उत्तर देते. कॅरिओटाइपसाठी, म्हणजे सगळी गुणसूत्रं बघण्यासाठी, पेशी वाढवाव्या लागतात, दोन ते तीन आठवडे जातात. क्वचित पेशी वाढतच नाहीत. मायक्रोअ‍ॅरे (गुणसूत्रांतले बारीक बदल शोधणारी तपासणी) तुमच्या आजच्या माहितीवर लागेलच असं नाही, एनटी ३.५ मिमी किंवा जास्त असता किंवा सोनोग्राफीत दोष दिसला असता, तर आम्ही ती आग्रहानं सुचवली असती. मात्र थोडा डीएनए राखून ठेवा असं लॅबला सांगा, पुढच्या सोनोग्राफीत काही निघालं तर पुन्हा सुई नको.

आमचं मत

एनटी ३.५ च्या वर असता, नाकाचं हाड दिसलं नसतं, सोनोग्राफीत काही दोष असता किंवा रिस्क १:५० च्या आत असती, तर आम्ही एनआयपीटीत पैसे आणि दिवस घालवू नका, सरळ अम्निओ करा म्हटलं असतं. तुमचं तसं नाही. एनटी चांगला, हाड दिसलेलं, आकडा मध्यम आणि तोही शंकास्पद. म्हणून तुमच्यासाठी आधी हिशेबाची दुरुस्ती, मग एनआयपीटी, आणि ती पॉझिटिव्ह किंवा फेल आली तरच अम्निओ, असा क्रम आम्हाला योग्य वाटतो.

दिवस पुरतात का? पुरतात. या आठवड्यात एनआयपीटी दिली, तर १५ आठवड्यांच्या सुमारास रिपोर्ट. गरज पडली तर १६ व्या आठवड्यात अम्निओ, १७ च्या आत झटपट रिपोर्ट, १९ च्या आत कॅरिओटाइप. मात्र एनआयपीटी ‘बघू, विचार करू’ करत १६ व्या आठवड्यात दिली, तर हे गणित कोलमडतं. तोवर ठरलं नसेल तर तेव्हा थेट अम्निओच बरी.

तुमचे डॉक्टर चुकले असं मात्र नाही. पक्कं उत्तर एकाच फटक्यात देणारी तपासणी त्यांनी सुचवली. “अनिश्चितता मला सोसतच नाही, पुन्हा दहा दिवस वाट बघून ‘बहुधा ठीक’ ऐकायचं नाही” असं तुमचं मन सांगत असेल, तर १६ व्या आठवड्यात सरळ अम्निओ करणं हाही तितकाच शहाणा निर्णय आहे. आणि “काहीही निघालं तरी हे बाळ मला हवंच आहे” असं असेल, तर सुई न घेणंही तितकंच योग्य. तेव्हाही एनआयपीटीचा उपयोग होतो: प्रसूती कुठं करायची, बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी कधी, हे आधी ठरवता येतं.

एक गैरसमज मात्र काढून टाका. “१९ व्या आठवड्याच्या अ‍ॅनोमली स्कॅनमध्ये दिसेलच की” असं घरात कुणी म्हणेल. दिसेलच असं नाही. डाउनच्या अनेक बाळांत त्या स्कॅनमध्ये ठळक काहीच दिसत नाही. मानेमागची कातडी जाड, मांडीचं हाड आखूड, आतडं पांढरं, हृदयात छिद्र असे धागे मिळाले तर शंका वाढते. नाही मिळाले तर थोडी कमी होते, संपत नाही. स्कॅन करायचाच आहे, पण तो गुणसूत्रांच्या तपासणीच्या जागी चालत नाही.

कायदा

गर्भपाताच्या कायद्यात (एमटीपी) झालेल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर (ती त्या वर्षी २४ सप्टेंबरपासून लागू आहे) २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मतानं, २० ते २४ मध्ये नियमांत दिलेल्या गटांसाठी दोन डॉक्टरांच्या मतानं गर्भपात करता येतो. बाळाला गंभीर शारीरिक वा बौद्धिक अपंगत्व येण्याची मोठी शक्यता असणं, हा त्या गटांपैकी एक. २४ नंतर फक्त गर्भातल्या गंभीर दोषासाठी, राज्यानं नेमलेल्या वैद्यकीय मंडळाच्या परवानगीनं. अर्ज आल्यावर मंडळानं तीन दिवसांत मत द्यायचं असतं. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची किंवा सासरची सही कायद्यानं लागत नाही. तुमचं नाव गुप्त ठेवणं दवाखान्यावर बंधनकारक आहे. आणि एक स्पष्ट सांगतो: या आठवड्यांचा गर्भपात दवाखान्यात दाखल होऊन, औषधांनी कळा आणून होतो, एक-दोन दिवस लागतात. मेडिकलमधून गोळ्या आणून घरी घ्यायची ही गोष्ट नव्हे.

गर्भलिंग तपासणीविरुद्धचा देशातला पहिला कायदा महाराष्ट्रानं १९८८ मध्ये केला. केंद्राचा १९९४ चा. त्यामुळे अम्निओच्या आधी तुम्हाला समजेल अशा भाषेत, म्हणजे मराठीत, लेखी संमती घेतली जाईल आणि तिची एक प्रत तुम्हाला मिळायला हवी. मागून घ्या. मुलगा की मुलगी हे कुठल्याही रिपोर्टवर येणार नाही. विचारूही नका, आणि घरात कुणी “बघतोच आहोत तर…” असं म्हणालं तर तिथंच थांबवा.

घरातलं

सासूबाईंच्या नकारामागे बहुधा त्या आधीच्या गर्भपाताची भीती आहे. त्यांना सांगता येईल, “आई, आत्ता पोटाला सुई नाही लावत, फक्त हाताचं रक्त द्यायचंय.” एनआयपीटी आधी करण्याचा हाही एक फायदा. कुणी “आमच्या घराण्यात असं कुणाला नाही” म्हणालं, तर उत्तर तयार ठेवा: डाउनची शंभरातली ९५ बाळं कुठल्याही घराण्याच्या दोषानं होत नाहीत; बीज तयार होताना २१ नंबरची जोडी वेगळी झाली नाही, एवढंच घडलेलं असतं. तीन-चार टक्क्यांत गुणसूत्राचा तुकडा दुसऱ्याला जोडलेला असतो. तेव्हाच आई-वडिलांचे कॅरिओटाइप करायचे. ग्रहणात भाजी चिरल्यानं, पपई खाल्ल्यानं, जिने चढल्यानं हे होत नाही.

आणि रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाच, तर निर्णयाआधी दोघांनी एकदा जेनेटिक कौन्सेलरकडे बसा, शक्य झालं तर डाउन असलेलं मूल वाढवणाऱ्या एखाद्या कुटुंबालाही भेटा. ‘मंगोल’ हा जुना शब्द अजून काही दवाखान्यांत ऐकू येतो; तो वापरणाऱ्याकडून सल्ला घेऊ नका. ही मुलं चालतात, बोलतात, शाळेत जातात, थोडी उशिरा. साधारण निम्म्यांना हृदयदोष असतो, त्यातल्या बऱ्याच दोषांवर शस्त्रक्रिया होते. थायरॉइड आणि कान-डोळे आयुष्यभर तपासत राहावे लागतात. बौद्धिक अक्षमता कमी-जास्त असते, किती ते कुठलीही टेस्ट आधी सांगत नाही. जिल्हा रुग्णालयांतली शीघ्र हस्तक्षेप केंद्रं, दिव्यांगांचं यूडीआयडी कार्ड, एक लाखापर्यंतच्या उपचारांसाठी ‘निरामय’ विमा अशा गोष्टी हाताशी आहेत. हे सगळं पाहून तुम्ही बाळ ठेवलंत किंवा नाही ठेवलंत, तरी तुम्हाला बोल लावण्याचा अधिकार कुणाला नाही.

शेवटी एक गोष्ट, जी या धांदलीत हमखास राहून जाते. तुमचं पॅप-ए ०.३८ आहे. हिशेब दुरुस्त झाल्यावरही ते ०.४ च्या खालीच राहिलं, तर बाळाची गुणसूत्रं अगदी ठीक निघाली तरी या आकड्याचं काम संपत नाही. वार थोडी कमजोर असल्याची ती खूण असू शकते, आणि पुढे बीपी वाढणं किंवा बाळाची वाढ कमी होणं याची शक्यता थोडी वाढते. तेव्हा डॉक्टरांना विचारा, “माझं बीपी, वजन, गर्भाशयाच्या रक्तवाहिन्यांचा डॉपलर (रक्तप्रवाहाची सोनोग्राफी) धरून मला रोज रात्री १५० मिग्रॅ अ‍ॅस्पिरिन हवी का?” स्वतःहून सुरू करू नका. पण हा प्रश्न याच भेटीत विचारा, कारण ती गोळी द्यायची झाली तर १६ आठवड्यांच्या आत सुरू करावी लागते. आणि २८ व्या आठवड्यानंतर बाळाच्या वाढीच्या सोनोग्राफी किती दिवसांनी करायच्या, तेही त्याच वेळी फाइलवर लिहून घ्या.